भात उभं हाय तोवर

— नाय देणार म्हणजे नाय देणार, आणि त्या कणगीला टेकू नको, शेणाचा हात आजच फिरवलाय. ठाण्यावरून आलास, खोडाळ्याला उतरून चालत आलास, ओहोळात पडलास — सगळं दिसतंय मला, पँट सांगतेय तुझी — पण कॅसेटी नाय. गोरखनं पाठवलं बोलतोस? मग गोरखच्या पायाला काय झालं? पोरगा माझा, घर माझं, आणि वस्तू न्यायला तू? तू कोण? गिऱ्हाईक त्याच्या दुकानाचं. बस, च्या घे. नवशे, च्या दे गं याला, बिनदुधाचा चालतो बोलतोय. चालतो कसला, लाजतोय.

काय नाव बोललास त्या बँडाचं — पेपर हार्बर? असेल. मी दुसरीतून उठलेला माणूस, मला काय कळतंय. पण मार्टिन होता त्यातला, ते माहीत हाय मला. ज्या वर्षी वावर-वांगणीत भुकेनं पोरं गेली ना, तेव्हा गाड्या भरभरून माणसं आली, डॉक्टर काय, फोटोवाले काय, त्यात हा तांबड्या केसांचा, जीप चालवायचा. रस्ते दाखवायला आमचा गोरख. पहिल्या दोन कॅसेटी काढल्या आणि बाकीच्यांशी फाटलं, म्हणून इकडे आला. जाताना दोन्ही गोरखच्या हातात देऊन गेला. आता तू बोलतोस त्याच दोन खऱ्या, पुढे कंपनीवाल्यांनी आवाज धुऊन काढला आणि मजा गेली. असेल बाबा. या दोघींत तर काय कळत नाय — आवाजावर आवाज, आवाजावर आवाज, आणि मागे कुठे बाई गाते, विहिरीतून बोलल्यागत. वरचं चित्र पण धड नाय, सूर्यमाळच्या धुक्यात कंदील धरल्यागत. आणि तुझे बँडवाले वाजवताना म्हणे मान खाली, पायाकडेच बघतात? त्यात काय मोठं? तारपावाला कुठे बघतो? तारपा फुंकताना मीपण पायाकडेच बघतो.

ते सोड. गोरख — हा गोरख एक दिवस बोलतो, बाबा, हा तारपाच हाय, ऐक, खालचा सूर सुटतच नाय. मी बोललो, गप. तारपा दुधीचा असतो, त्याला माणसाचा वारा लागतो, हे विजेचं कोकलणं. तर बोलतो कसा — तारपा नाय ना? मग भाताच्या आवणीला टेप लावला तर काय बिघडलं? घ्या! तुला कळलं काय? नाय कळलं. आमच्यात भात उभं हाय तोवर तारपा खुंटीवर. भात पिकलं, नवं खाल्लं, देवाला दाखवलं, मगच खाली उतरवायचा. बाप तारपावाला, आजा तारपावाला, आणि हा दीडशहाणा अख्खा श्रावण बांधावर टेप लावून बसला. पडला करपा. माझ्याच नाय, अख्ख्या पाड्याच्या भातावर. आता तू बोलशील, करपा टेपनं पडत नाय. ग्रामसेवकपण तेच बोलला. पाडा ऐकतो काय? माझ्या तोंडावर बोलले, देवराम, तुझ्या पोरानं उभ्या भातात तारपा वाजवला, बस्स. मग मी गेलो बांधावर, टेप उचलला आणि रोवला चिखलात, रोपासारखा. सगळ्यांसमोर. करायलाच पाहिजे होतं, आजपण करीन. हा उठला, आईच्या, या नवशीच्या हातची भाकरपण घेतली नाय, जो गेला तो गेला. तिकडे रेडिओ दुरुस्त करतो म्हणे. करू दे. माझा टेप नाय झाला दुरुस्त.

आतली कॅसेट? ती काढली ना मी. धुतली, फीत सोडवली, नवशीनं वलणीवर वाळत घातली, मग परत गुंडाळली पेन्सिलीवर. त्या दुसऱ्या कॅसेटीत बाई थांबते आणि मधेच खर्र होतं ना, ते तुझ्या बँडाचं नाय, ते माझ्या शेताचं हाय — काय? मला कसं ठाऊक? अरे, तो फळीवरचा दुसरा टेप बातम्यांसाठी घेतलाय. बातम्या! नवशे, हसू नको तिकडे. फीत चिकटते म्हणून वर्षातून एकदा फिरवून ठेवतो, एवढंच. कोण ऐकतंय. पहिलीतलं शेवटचं लांबडं गाणं तर मी... ते लांबच हाय उगाच.

लाव? आत्ता? डोकं फिरलंय काय तुझं? दाराबाहेर बघ की, भात उभं हाय!

...

काय बघतोस माझ्याकडे? हो, बोललो भात उभं हाय म्हणून. टेप तारपा नाय तर त्याला तारप्याचा नियम कशाला — कळलं मला, मी काय खुळा हाय? गोरखला हे सांगू नको. नाय — सांग. सांग, बाप बोलला, नवं खाऊन झाल्यावर ये. तेव्हा बंदी नाय. तो आला की दोन्ही त्याच्या हातात देतो, मग तो तुला देईल नाय तर ओहोळात टाकेल. तुझ्या हातानं नाय पाठवणार. तुझ्या हातानं गेल्या तर तो कशाला येतोय इकडे.

ऊठ आता, शेवटची एसटी जाईल. ओहोळ वरच्या अंगानं ओलांड. आणि ए — मोठे सेल आणायला सांग त्याला. खोडाळ्याचे दोन गाण्यांत मरतात.