उंबरठ्यावरच थांबलेलं यंत्र

डायलिसिसचं यंत्र सुरू होता होताच बंद पडलं, तेव्हा शिवणकाम करणाऱ्या काकू नवऱ्याला आत ठेवून बाहेर बाकावर येऊन बसल्या. मनातल्या मनात त्या यंत्रवाल्यांचा उद्धार करत होत्या. शेजारी ते यंत्र बनवणाऱ्या कंपनीचीच एक मॅडम आणि तिचा सहकारी लॅपटॉप उघडून बोलत होते.

"मॅडम, सुरू होताना कर्नलने, म्हणजे यंत्राच्या सॉफ्टवेअरच्या गाभ्याने, मेमरी मागितली, ती मिळाली नाही. तुमच्या कोडने तिथंच सगळं थांबवलं."

"बरोबर केलं त्याने."

"अहो, पण केवढीशी ती मेमरी! नुसता इशारा नोंदवून पुढे गेलो असतो, तर यंत्र चालू तरी झालं असतं."

"आणि त्या न मिळालेल्या जागेत काही लिहायची वेळ आल्यावर?"

"कोसळलं असतं."

"कधी?"

"सांगता येत नाही. तासाभरानं, कदाचित."

"तेव्हा पेशंटचं रक्त कुठे असतं रे?"

"...नळ्यांत."

"आत्ता कुठे आहे?"

"त्याच्या अंगात."

"मग?"

"मग काही नाही. पण लोक आपल्या नावाने बोटं मोडतात, मॅडम."

"मोडू देत. मेमरी कोणी अडवली ते शोध आधी."

तेवढ्यात नर्सने दार उघडलं. "काकू, दुसरं यंत्र सुरू झालंय. जोडू का काकांना?"

काकू उठल्या, आणि मॅडमकडे वळल्या.

"हे दुसरंही तुमचंच का हो?"

"हो, काकू. आमचंच."

"जोडा," काकू नर्सला म्हणाल्या.