गुरुवारची चादर

उदगीरच्या दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो. मागच्या बाकड्यावर एक तरुण पोरगी शेजारच्या म्हातारीला म्हणाली,

“नागुमावशी, तुमच्यावरची डॉक्युमेंटरी पाहिली. लई हिम्मत हाय तुमची.”

“हिम्मत कशाची बाई. आया होते लेकरांच्या वार्डात, चादरी बदलायचे.”

“मायच लेकराच्या दुधात विष कालवत होती, हे डॉक्टरला न्हाई कळलं, तुम्हाला कळलं.”

“गुरुवारी ती घरी जायची. त्या दिवशी लेकरू ओकायचं न्हाई, चादर कोरडी निघायची.”

“दुधाची बाटली पदरात लपवून तुम्हीच पोलिसाला दिली. लेकरू वाचलं.”

“त्याच्या आधी तिचं थोरलं गेलं, त्याच वार्डात. तवाबी चादरी मीच बदलायचे.”

“मग?”

“तवा सगळ्या वार्डाला मीच सांगायचे, माय असावी तर अशी. बाटली कुणाच्या हातात देत न्हाई.”