मैदान खचले तेव्हाचा स्क्रम

एमेरी देल्पेश, वय २९, धंदा वायरमन, राहणार चर्चमागची गल्ली, रोकबर्न. विचारल्यावरून समक्ष सांगतो की,

मी वरील ठिकाणी आईसोबत राहतो. आठवडाभर वायरिंगची कामे करतो आणि रविवारी रोकबर्न क्लबकडून रग्बी खेळतो. त्याचे थोडे मानधन मिळते. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ गडी एकमेकांना धरून खांदे भिडवतात तेव्हा, मधल्या फटीत चेंडू सोडणे हे माझे काम आहे. एकदा भिडले की चेंडू बाहेर येईपर्यंत किंवा पंचांची शिट्टी वाजेपर्यंत कोणी हात सोडायचा नसतो.

काल रविवारी आमच्या मैदानावर सें-फ्रीझ संघाशी प्रादेशिक लीगचा शेवटचा सामना होता. जिंकणारा वरच्या विभागात चढणार होता. आमचे गाव माझ्या जन्माआधीपासून खालीच आहे. सामना संपत आला तेव्हा आम्ही चार गुणांनी मागे होतो. त्यांच्या गोलरेषेजवळ आम्हाला स्क्रम मिळाला. रेषेपलीकडे चेंडू टेकवला असता तर पाच गुण मिळून आम्ही चढलो असतो.

आमच्याकडून पहिल्या रांगेच्या टोकाला उर्बां काझाल होता. त्याचे मटणाचे दुकान आहे. त्याच्या समोर त्यांचा फोर्तुने वेसिएर. हे दोघे गेली कित्येक वर्षे स्क्रममध्ये डोकी घासून एकमेकांचे कान सोलत आले आहेत. वेसिएर मला म्हणाला, "चिमण्या, जा घरी, आई जेवायची थांबली असेल." मी म्हणालो, "तुझं खाऊन काही उरलं तर ना!" काझाल हसला. मग ते भिडले.

मी चेंडू सोडला. तो बाहेर आला नाही. पायाखाली धप्प असा आवाज झाला आणि वेसिएरच्या बाजूची जमीन खाली गेली. आमचे पठार चुनखडीचे आहे, शेतात भोके पडतात हे आम्हाला माहीत आहे. मैदानात कधी पडले नव्हते. भोक बैलगाडी मावेल एवढे होते. चेंडू तळाशी पोचल्याचा आवाज मला आला नाही.

वेसिएर छातीपर्यंत आत लोंबकळत होता. काझालची मूठ त्याच्या जर्सीत होती. पलीकडून त्याच्याच संघाच्या हुकरने, म्हणजे पहिल्या रांगेतल्या मधल्या गड्याने, त्याला काखेत आवळले होते. सोळापैकी एकानेही हात सोडला नाही. 

वेसिएर म्हणाला, "सोड रे उर्बां. तुलाही घेऊन जाईन."

काझाल म्हणाला, "तोंड मीट. बोललास की जड होतोस."

मग काझालने मान न उचलता हाक दिली, "पोरांनो, ढकलू नका. फिरवा. आपल्या डावीकडं. हळू."

कोणी कुणाला काही विचारले नाही. दोन्ही संघांचे सोळा गडी मिळून तो स्क्रम जात्याच्या वरच्या तळीसारखा फिरू लागला. माती कडेने सुटत होती. ते पाऊलभर सरकत, थांबत, पुन्हा सरकत. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मला रडू आले होते की काय ते सांगता येत नाही. मी लहानपणापासून स्क्रम पाहतो, पण स्क्रम म्हणजे काय ते मी काल पाहिले. वेसिएरचे गुडघे गवताला लागले तेव्हाही त्यांनी एकमेकांना सोडले नाही. तसेच धरून मधल्या रेषेपर्यंत गेले आणि तिथे सगळे एकदम बसले.

पंचांनी सामना थांबवला. नियमाप्रमाणे थांबला तेव्हाचे गुण धरले गेले. सें-फ्रीझ वर चढले. आम्ही आहोत तिथेच आहोत. याबाबत माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

काझालची दोन बोटे मोडली आहेत. जमीन गेल्यावर इतरांनी का सोडले नाही असे आपण मला काल विचारले होते. तेच आज सकाळी मी काझालला दवाखान्यात विचारले. तो म्हणाला, "सोडू कसा? शिट्टी कुठं वाजली होती?"

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. मी सांगितले तसाच लिहिला आहे, त्यात कमीजास्त काही नाही. खाली सही करतो.

(सही) ए. देल्पेश