आधी पुल, मग पुश

...आणि वर लोक मलाच विचारतात, "घरून काम? मजा असेल ना!" मजा! अहो, तुम्हाला सांगतो, नवरा-बायकोनं वाटेल ते मिळून करावं, भिंती रंगवाव्यात, पोहायला शिकावं, पण एका वेबसाइटचा कोड दोघांनी लिहू नये! आम्ही लिहितो. जेवणाच्या टेबलावर, समोरासमोर, मध्ये मिठाची बाटली. आणि हिचा पहिल्या दिवसापासून एकच घोशा, "आधी पुल, मग पुश!" म्हणजे काय, दोघांचं काम एका सामाईक जागी साठतं ना, तर तिथलं दुसऱ्याचं काम आधी आपल्याकडे ओढून घ्यायचं आणि मग आपलं तिकडे ढकलायचं. एवढंच! शेंबडं पोरसुद्धा करेल. मी नाही केलं.

घाई होती हो! आमचे क्लायंट म्हणजे दातांचे डॉक्टर, सासूबाईंच्या ओळखीतले, त्यांचा सारखा फोन, "आज काय केलंत? आज काय केलंत?" तर फोन खांद्यात धरून मी एका हातानं ढकलायला गेलो. मशीन म्हणालं, थांब, इथं दुसऱ्या कुणाचं तरी काम आहे. म्हटलं, तू कोण मला थांबवणारं? दिलं जबरदस्तीनं ढकलून! झालं... हिनं खपून खपून केलेला अपॉइंटमेंटचा फॉर्म साइटवरून गायब! हिनं स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खुर्चीच फिरवली. मी म्हटलं, "अगं, तुझ्या लॅपटॉपवर असेल ना तो?" तेव्हापासून अबोला.

वर नवा नियम! एकाचं काम दुसऱ्यानं वाचून मंजूर केल्याशिवाय पुढे जायचंच नाही. बरं, प्रत्येक बदलाबरोबर काय बदललं त्याची एक ओळ लिहावी लागते, कमिट मेसेज म्हणतात त्याला. ही त्यातून बोलायला लागली! "बटण निळं केलं. फॉर्म आहे माझ्याकडे, देणार नाही." मी लिहिलं, "फोटो लहान केले. चुकलो, दे ना गं." हिचं उत्तर, "अक्षर मोठं केलं. पलंगावर ओला टॉवेल टाकणाऱ्यानं शहाणपणा शिकवू नये." आता टॉवेल कुठून आला मध्येच? पण मंजूर कुणी करायचं? मीच! मग माझंही डोकं फिरलं, "मेनू सरळ केला. तुझ्या आईसमोर इतकी वर्षं मूग गिळून बसतोय, ते दिसत नाही?" आणि तुम्हाला सांगतो, हिनं तेही मंजूर केलं!

खोटं कशाला बोलू, हिचा आवाज ऐकायला जीव कासावीस झाला होता. त्यात आज डॉक्टर सगळ्या पेशंटना साइट दाखवणार आणि फॉर्मचा पत्ता नाही. काम जाणार, सासूबाईंची शोभा होणार... तेवढ्यात सासूबाईंचाच फोन!

"जावईबापू, दाढ दाखवायला आलेय. भिंतीवरच्या टीव्हीवर तुमची साइट लावलीय हो, छान आहे. फक्त ते 'नवीन काय' आहे ना, त्यात मूग गिळून कोण बसलंय?"

पायाखालची जमीन सरकली! ती 'नवीन काय'ची पट्टी मीच बनवली होती! डॉक्टरांनी रोज विचारू नये म्हणून आमच्या कमिटच्या ओळी आपोआप उचलून साइटवर लावणारी. बनवली आणि साफ विसरलो! पट्टी काढायची, तर मंजुरी कुणाची? हिची! अक्षरशः हात जोडले, "अगं, तुझी आई वाचतेय!" ही ताडकन उठली... आणि पुन्हा फोन. डॉक्टर! संपलं म्हटलं. स्पीकर लावला.

"पट्टीला हात लावाल तर खबरदार! अहो, माझ्याकडे माणूस तोंड घट्ट मिटून येतो. आज सगळे आ वासून टीव्हीसमोर बसलेत! तुमच्या सासूबाई नंबर आला तरी उठेनात! फॉर्म तेवढा द्या आणि हे चालू ठेवा. मी सांगेपर्यंत भांडण मिटवायचं नाही!"

हिला हसू फुटलं. किती दिवसांनी! मला भरूनच आलं हो. खाली बसली, माझं काम आधी ओढून घेतलं, मग फॉर्म ढकलायला घेतला... आधी पुल, मग पुश, अगदी रीतसर! मी मिठाची बाटली बाजूला सारून हात पुढे केला, "आता तरी बोल की माझ्याशी!"

हिनं तोंड उघडलं, मिटलं आणि कीबोर्डकडे वळली. माझ्या स्क्रीनवर ओळ आली, "फॉर्म दिला. अबोला चालू ठेवला, क्लायंटची मागणी."

काय करणार? केलं मंजूर.