तीसने गुणणार नाही

आदरणीय अध्यक्ष अण्णासाहेब, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, सत्कारमूर्ती डॉ. हेरंब आगाशे सर, त्यांच्या पत्नी कौशल्याकाकू आणि मयूर विहारच्या आपल्या महाराष्ट्र मंडळातली सर्व मंडळी, नमस्कार.

मी क्षिप्रा, सरांची शेवटची विद्यार्थिनी. सर उद्या निवृत्त होताहेत. 'चार गोड शब्द बोल,' असं मला बजावलंय. प्रयत्न करते.

प्रोटॉन प्रचंड वेगाने आदळले की कधीकधी एक जड क्वार्क, म्हणजे पदार्थाचा एक मूलकण, आणि त्याचा जोडीदार प्रतिक्वार्क जन्माला येतात. त्यातले फार थोडे एकत्र बांधले जातात. अशा जोड्या किती निघतील, हे काढायच्या पद्धतीवर सरांनी आयुष्याची पंधरा वर्षं घातली. मीही पाच घातली. मग गेल्या वर्षी अमेरिकेतल्या प्रयोगाचे आकडे आले. एका जातीच्या जोड्या आमच्या हिशेबाच्या तीसपट!

आता हिशेब थोडा कमी पडला, की दोनाने गुणायची आमच्यात रीतच आहे. काकू, अचानक पाहुणा आला तर वरणात वाटीभर पाणी आपणही घालतो ना? पण तीस वाट्या घातल्या, तर त्याला वरण म्हणायचं का?

मी पीएचडीच्या प्रबंधात लिहिलं, 'ही पद्धत इथे अपुरी आहे.' सर म्हणाले, "तीसने गुण आणि मोकळी हो." मी नाही म्हटलं. तेव्हापासून प्रबंधावरची सरांची सही अडली आहे.

नाही अण्णासाहेब, दोनच मिनिटं, बिल्कुल. सर, उठू नका ना. काकू, बसवा त्यांना.

मला राग आलाय, लपवत नाही. त्याहून जास्त वाईट वाटतंय. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधल्या मुलीला पदार्थविज्ञानाची गोडी सरांनीच लावली. प्रयोगापुढे कोणाचाही मुलाहिजा ठेवायचा नाही, हेही त्यांनीच शिकवलं. मग स्वतःचा कसा ठेवला?

सोमवारपासून नोएडाच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत माझी नोकरी पक्की आहे. बाबा म्हणाले, "चलो, सुटलीस एकदाची." नोकरी मी करीनही. पण उद्यानंतर सरांची सही चालणार नाही, आणि मी पळून गेले असंच सगळे म्हणतील. प्रबंध या पिशवीत आहे.

मंडळाने बोलू दिलं, तुम्ही शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल, तर लहान समजून पोटात घाला. सर, प्रबंधातलं मात्र काहीही पोटात घालू नका. चूक असेल तर दाखवा. नसेल, तर सही करा.