काठाचा जोड

सौंसरहून पांढुर्ण्याला निघालेल्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर मायलेकी बसल्या होत्या. लेकीच्या मांडीवर चित्रांची वही, अन् वहीवर शाईनं नक्षी काढलेली कागदाची एक पट्टी.

“दामिनी, किती चाळशील व थे वही?”

“आई, वीस पानं नुसतं संत्र्याचं फूल काढलं, मंग कुठं हा साडीचा काठ जमला. आज कारखान्यात पसंत पडला तर मले तिथं काम भेटते.”

“मंग रडून काहून राह्यली?”

“साडीवर हेच चित्र पुन्हा पुन्हा छापतेत. अन् माही वेल इकडं वर संपते, तिकडं खालून सुरू होते, जोडच जुळत नाई. मले आत्ता दिसलं.”

“आण इकडं. बांगड्या वर सारते. हे पाह्य, पट्टी मनगटाले गुंडाळली. आली दोन्ही टोकं समोरासमोर?”

“आली. बोटभर फरक हाय.”

“मंग वळव वेल.”

“शाई हाय, पुसल्या जात नाई.”

“पुसू नको. फुलाच्या मागून काढ अन् खाली उतरव.”

“गाडी हालून राह्यली. बिघडलं तर?”

“आता काय लय सुधरलेलं हाय?”

“आई, अर्धी वेल उतरली. हात आखडला काय तुहा?”

“माह्या हाताकडं नको पाहू. वेलीकडं पाह्य.”

“ओ बाई, पांढुर्णा आलं! उतरा न!”

“कंडक्टर भाऊ, पोरीची इतकीशी वेल राह्यली.”

“आता गाडी गॅरेजात जाते. तुमाले बी नेऊ काय?”

“न्या भाऊ. पण हळू न्या.”