कमलचं बोलणं, माझ्या तोंडून

आमचं घर मूळ देगलूरकडचं, पण ते नुसतं सांगायला, आजोबा निजामाच्या काळात इथं अदालतीत नोकरीला आले आणि तेव्हापासून आम्ही हैदराबादचेच. माझा जन्म नारायणगुड्याचा, घरात मराठी, गल्लीत तेलुगू, वडलांचे दोस्त आले की उर्दू, म्हणजे आपण तीन भाषा बोलायलोत हे पण मला माहीत नव्हतं, मला वाटायचं आईशी असं बोलतात, भाजीवाल्याशी तसं बोलतात, बस.

लग्न झालं ते पण इथंच. आमच्या ह्यांचं अफझलगंजला टायपिंगचं इन्स्टिट्यूट, सकाळपासून पोरापोरींची नुसती टकटक, आणि मग ते कॉम्प्युटरचं खूळ आलं, काय सांगू तुम्हाला, बघता बघता गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले आणि आमच्या मशिनींवर धूळ बसली. मी मराठी शाळेत शिकवायची, तिथं पण पोरं आटायली होती, ज्याला त्याला इंग्लिश मीडियम. तेव्हा मुनीरसाब, माझ्या वडलांचे दोस्त, कोर्टात दुभाषी होते, ते घरी येऊन म्हणाले, बेटी, शहरात जिकडं बघावं तिकडं बिल्डिंगा उठायल्यात, नांदेड-लातूरहून मजूर यायलेत, त्यांची भांडणं कोर्टात येणारच, आणि मराठीवाला कोणी भेटेना, तू परीक्षा दे.

दिली. उर्दूतली फिर्याद इंग्रजीत करा, तेलुगूतला जबाब मराठीत करा, मग जजसाहेबांपुढं तोंडी. पास झाले, शपथ घेतली, पण नेमणूक कच्ची. काही महिने काम बघणार आणि मग पक्कं प्रमाणपत्र देणार. मुनीरसाबांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं, बीबी, आप नल हैं, पानी नहीं, मीठा-खारा देखना आपका काम नहीं. कठड्यात उभा माणूस जे जे बोलेल ते ते सगळं सांगायचं, शिवी दिली तर शिवी, आणि ते पण त्याच्यासारखं मी म्हणून सांगायचं. तो म्हणाला मी मारलं, तर आपण म्हणायचं मी मारलं. मला पहिल्यांदा लाजच वाटायची हो, चांगल्या घरची बाई भर कोर्टात म्हणायली, मी दारू पिऊन आलो.

तर कमल. देगलूरकडचीच निघाली. बिल्डिंगीवर घमेली वाहायची, नवरा सेंट्रिंगवाला, तेलुगू, त्यानं दुसरी केली आणि हिला टाकली. टाकली तर टाकली, पण पोरगी पायजे म्हणाला, मंगल, चार-पाच वर्षांची, आणि ठेवणार कुठं तर सिकंदराबादला त्याच्या बहिणीकडं, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. फॅमिली कोर्टात केस, पोरगी कोणाची एवढाच सवाल. कमलला बाजारापुरतं तेलुगू येत होतं, जबाब देण्याएवढं नाही, म्हणून मला बोलावलं.

व्हरांड्यात तिनं विचारलं, ताई, तुमचं गाव कोणतं. मी म्हटलं, मूळ देगलूरकडचं. अगं बया, तिचा चेहरा असा खुलला, मग तुम्ही आमच्याच की म्हणाली आणि माझा हात धरला. मी पण हात सोडवून घेतला नाही. कोर्टात मी रीतसर सांगितलं, हे बघ कमल, तू माझ्याशी जे बोलशील ते मी साहेबांना सांगणार. तिनं मान हलवली. पण मान हलवणं वेगळं आणि परक्या शहरात इतक्या दिवसांनी आपलं बोलणं कानावर पडणं वेगळं, नाही का?

नवऱ्याच्या वकिलानं विचारलं, तू कामावर जातेस तेव्हा पोरीला कोण बघतं? ती म्हणाली, शेजारीण बघते. मी सांगितलं. मग ती कठड्यावरून वाकली, माझ्या कानाशी आली, सख्ख्या बहिणीला विचारावं तसं विचारायली, ताई, शेजारीण नसली की मी पोरीला खोलीत ठेवून बाहेरून कडी लावून जाते, ते सांगू का नको?

सगळं कोर्ट माझ्याकडं बघायलं. जजसाहेब म्हणाले, काय म्हणाली? आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं होतं? शपथ घेतलेली. आणि खोटं कशाला बोलू, ते प्रमाणपत्र पण डोळ्यांपुढं होतंच, घरी मशिनींवर धूळ होतीच. मी सांगितलं. सगळं, इंग्रजीत, जसंच्या तसं, मी म्हणून. मी पोरीला खोलीत ठेवून बाहेरून कडी लावते, ते सांगू का नको. माझी स्वतःची पोरगी त्या वेळेला घरी सासूबाईंच्या मांडीवर खेळायली होती, म्हणून मला कडी लावावी लागत नव्हती, एवढाच काय तो फरक. कमलला इंग्रजी येत नव्हतं, पण वकील हसला ते तिला कळलं. ती माझ्याकडं बघत राहिली.

पोरगी आत्याकडं गेली. आधी नुसतं शेजारीण बघते म्हणाली म्हणून खोटी साक्ष, वर लेकरू कोंडून ठेवते, तिकडं पक्कं घर, शाळा, नळाला पाणी, जजसाहेब तरी काय करणार. कमलला महिन्यातून एकदा कोर्टातल्या खोलीत पोरीला भेटायची परवानगी मिळाली. आणि माझं प्रमाणपत्र पक्कं झालं, साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, हिनं एक शब्द गाळला नाही. ह्यांनी पेढे आणले. मी एक पेढा हातात घेतला आणि तसाच डब्यात परत ठेवला. मुनीरसाबांना सांगितलं तर म्हणाले, तुमने सही किया बेटी. सही केलं, मान्य. पण सही केलेल्याचं पण पाप लागतं की काय, हे मी कोणाला विचारू?

पुढं काय झालं की मंगल मराठी विसरली. लेकराचं काय, जिथं राहील तिथलं बोलेल. मायलेकी समोरासमोर बसायच्या आणि बोलणं होईना. मग मी जायला लागले, कोर्टाचं काम म्हणून नाही, आपली मधे बसायला. कमल म्हणायची, जेवलीस का गं, मी ते तेलुगूत विचारायची, पोरगी सांगायची, मी ते मराठीत सांगायची. मला तुझी लई आठवण येते, हे वाक्य मी कितीदा त्या लेकराला मी म्हणून सांगितलं असेल.

एकदा मंगल चिडली. तेलुगूत म्हणाली, मला इथं आणू नका, ही माझी अम्मा नाही, अम्मा घरी आहे. आत्यालाच ती अम्मा म्हणायला लागली होती. कमल म्हणाली, काय म्हणायली ताई? आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा मी खोटं सांगितलं, म्हटलं, तिला झोप यायलीय, पुढच्या वेळेला लवकर ये म्हणते. कमलनं पोरीच्या केसांवरून हात फिरवला, पिशवीतली भुईमुगाची चिक्की तिच्या हातात दिली.

बाहेर बसस्टॉपवर आल्यावर कमल म्हणाली, ताई, अम्मा एवढं तेलुगू मला कळतं हो. मी उगाच बस कुठवर आली ते बघायला लागले. ती म्हणाली, पण तुम्ही सांगितलं तेच मी धरून चालते. त्या दिवशी कोर्टात पण असंच काहीतरी सांगितलं असतंत तर, असं तिनं एवढ्या वर्षांत एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, मला निदान उत्तर तरी देता आलं असतं.

आता मी रिटायर झालेय. मंगलचं लग्न झालं, तिकडंच वरंगळला, कमलला बोलावणं आलं नव्हतं पण आम्ही दोघी जाऊन लांबून अक्षता टाकून आलो. संक्रांतीला कमल अजून येते माझ्याकडं, तिळगूळ देते, ताई म्हणते. सुखी राहू दे बाबा ती पोरगी, दुसरं काय मागू. तुम्ही लिहायलात तर जसंच्या तसं लिहा, माझं काही गाळू नका.